निर्मलाकाकूचे रिले आणि काळूकाठची ती संध्याकाळ

निर्मलाकाकू आज पहाटे गेली. काल दुपारी ती दुकानात बसून मोटार भरत होती.

पहाटे छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ज्यांना ती माहीत नाय, त्यांच्यासाठी लिहिते.

माझी सख्खी काकू. शहापूरला तिचं वाइंडिंगचं दुकान. शेतावरच्या पंपाची मोटार जळाली की लोक तिच्याकडे आणायचे. ती आतली जळकी तार काढून नवीन भरायची. हे काम तिच्या वडिलांकडून शिकलेली.

नवीन गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री कुठंय?"

"मीच. ठेव मोटार खाली."

बस्स. एवढंच बोलायची.

काकांचा जीव मात्र त्यांच्या पद्मिनीत. दुधी रंगाची, घरची गाडी. रविवारी सकाळी तिला आंघोळ, मग स्वतःला. कुणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "ओरिजिनल आहे. आजवर एक वायर बदललेली नाय."

आणि खरंच नव्हती. त्यामुळे हेडलाइट म्हणजे देवघरातल्या समया. थोडा वेळ चालू राहिले की डॅशबोर्डवरचा स्विच चटका बसेल इतका तापायचा.

एकदा मुरबाडहून येताना अंधार पडला. रस्त्यात बसलेली म्हैस काकांना दिसलीच नाय. करकचून ब्रेक मारला तेव्हा बंपर तिच्या पाठीला टेकला होता.

घरी आल्यावर काकू म्हणाली, "हेडलाइटला रिले लावते."

"अजिबात नाय. गाडी ओरिजिनल आहे."

"म्हशीला सांगा ते."

मी हसून लोळायची बाकी होते. काका दोन दिवस गाल फुगवून होते.

रविवारी तिनं मीटर काढला नि काकांना समोर उभं केलं. बॅटरीवर बारा व्होल्ट. बल्बपाशी जेमतेम दहा.

"मधले दोन कुणी खाल्ले?"

काकांनी वाकून मीटर पुन्हा पाहिला.

"तुमच्या ओरिजिनल वायरीनं नि त्या म्हाताऱ्या स्विचनं. सगळा करंट तिथून फिरून जातो, वाटेतच दमतो. आता स्विचनं फक्त रिलेला सांगायचं, लाव दिवा. करंट बॅटरीतून जाड वायरीनं सरळ दिव्याला."

"दिसणार नाय ना बाहेरून?"

"नाय दिसणार हो."

डिपरला एक रिले, लांबच्या झोताच्या अप्परला एक. दोन्ही पुढच्या जाळीमागे लपवले. वेगळे फ्यूज टाकले. अर्थिंगची जागा घासून लख्ख केली. बल्ब तेच ठेवले. संध्याकाळी स्विच दाबला, टक् आवाज झाला आणि समोरच्या कुडाच्या काटक्या मोजता येतील इतका उजेड पडला.

काकांनी वाकून जाळीतून काही दिसतंय का ते बघितलं. मग म्हणाले, "चहा टाकू काय गो तुला?"

लग्नानंतर पहिल्यांदा, असं काकू सांगायची.

हे इथंच संपलं असतं, तर मी आज लिहिलं नसतं.

पुढच्या वर्षी आवणीच्या दिवसांत गावातल्या काही बाया काळू नदीच्या पलीकडे भात लावायला गेल्या होत्या. त्यात माझी आई. दुपारनंतर वर डोंगरात पाऊस असा कोसळला की बघता बघता फरशी, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, पाण्याखाली गेली. बाया पलीकडच्या एका टेकाडावर अडकल्या. टेकाडाच्या मागच्या बाजूनंही पाणी चढत होतं.

मी तेव्हा नुकतीच कल्याणला नोकरीला लागले होते. घरी आले तर सगळं गाव नदीवर. दिवेलागणीची वेळ, लाइट गेलेली. पोहणारी माणसं दोर नि ट्रकची ट्यूब घेऊन तयार होती, पण टॉर्चचा उजेड अर्ध्या पात्रापर्यंतही जात नव्हता. पाण्यातून ओंडके येत होते. न दिसता उतरणार कसं?

तेवढ्यात काका-काकू गाडी घेऊन शहापूरहून आले.

काकूनं काचेतूनच विचारलं, "कोण आहे पलीकडं?"

"आई," मी म्हटलं.

ती काकांकडे वळली. "गाडी घाला खाली. तोंड नदीकडं."

काकांनी लाडकी गाडी चिखलात उतरवली, अप्पर मारला आणि स्वतः दोर धरायला धावले. काकू स्टिअरिंगवर बसली. इंजिन मंद झालं असतं तर बॅटरी बसली असती, म्हणून तिनं अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढलाच नाय.

उजेड थेट टेकाडावर. बायांचे चेहरे दिसायला लागले. आईची हिरवी साडी दिसली.

मी काकूच्या शेजारी बसून एकेक बाई ट्यूबवरून येताना बघत होते. मधेच न राहवून स्विचला हात लावला. गार होता.

"टिकेल ना गो काकू?"

"माझ्या हातचं आहे. टिकणार."

आई सगळ्यात शेवटी आली. तिनं बाकीच्या बायांना आधी पाठवलं होतं. ती काठावर पाय टेकवेपर्यंत दिवा एकदाही मिणमिणला नाय. त्यानंतर काकूनं स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. तेव्हा कुठं अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला.

गणपतीत गावानं सत्कार ठेवला. काकांचा. शाल, नारळ.

काका उठले, शाल हातात घेतली, बायकांच्या घोळक्यात गेले आणि काकूच्या खांद्यावर घातली.

"गाडी माझी. उजेड हिचा."

एवढं बोलून बसले.

काकू लाजली, चिडली, "काय हे माणसांत" म्हणाली. पण भाद्रपदातल्या त्या उकाड्यात घरी पोचेपर्यंत शाल काढली नाय.

मग कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंतचे जुन्या गाड्यांवाले तिच्याकडे यायला लागले. तिनं प्रत्येकाचं काम तेवढ्याच निगुतीनं केलं.

आज दुपारी गावात तिला निरोप दिला. खांदा द्यायला इतकी माणसं होती की काकांना गर्दीतून वाट करून द्यावी लागली.

काकू, तुझी पुतणी म्हणून मिरवायला मला आयुष्यभर आवडलं. पुढंही मिरवीन.

आपल्या सगळ्या घराचा तुला भरल्या मनानं नमस्कार.