मामांचा अवेळी भोंगा

कापसातली सरकी काढणाऱ्या आमच्या जिनातले इंजनवाले मामा शाबासकी द्यायचे ती अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशी. शिव्या देणारी माणसं मी ढिगानं बघितली; पण चांगलं बोलायला एवढा घसा ताणणारा माणूस हिंगोलीत दुसरा नव्हता. कुणी बाई सलग दोन तास यंत्र न अडू देता कापूस घालत राहिली, की इंजिनाच्या खोलीतून काळेकुट्ट हात वर करून मामा बाहेर येणारच. "वा गं वाघिणी! आज माजं इंजन तुज्याच जोरावर चालून राहिलं!" बाई लाजून चूर व्हायची आणि दुप्पट जोरानं कापूस घालायची.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. लग्न होऊन मी जवळा बाजारहून हिंगोलीत आले आणि दिवाळीनंतर जिनात लागले. पहिल्याच दिवशी कापसाच्या धुळीनं जीव गुदमरला, रडू यायला लागलं. मामांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "रडू नको, लेकरा. हितं पहिल्या दिवशी जी रडत न्हाई, ती दुसऱ्या दिवशी येत न्हाई!" हे खरं होतं की माझ्यासाठी तिथल्या तिथं रचलं होतं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी गेले हे मात्र खरं.

मामा मूळचे कुरुंद्याचे. बायकोमाघारी एकटे राहत, त्यामुळे रिकामं डोकं सतत नवे बेत करी. कुणाचं कौतुक कसं करावं, हाच त्यांचा छंद. एका वर्षी खडूनं प्रत्येक यंत्रावर तिथल्या बाईचं नाव लिहिलं. आम्हा कुणालाच वाचता येत नव्हतं. तरी ज्या-त्या बाईनं आपलं नाव पदरानं न पुसता जपलं. शेठ हंगाम संपला की गुळाचा एकेक खडा हातावर ठेवायचे, संपलं. मामा म्हणायचे, "गूळ घटकाभर गोड लागतो. चांगला शब्द जल्मभर पुरतो."

आमच्यात सक्रीबाई नावाची लमाणांच्या तांड्यावरची बाई होती. बारा हंगाम झाले, एक खाडा नाही. बोलणं जेमतेम. त्या वर्षी माघात कापसातून लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली आणि ढिगाला पेट लागला. आम्ही किंचाळत दाराकडं पळालो. सक्रीबाई पळाली नाही. तिनं पेटता कापूस दोन्ही हातांनी ओढून काढला, पायाखाली तुडवला. तळहात सोलून निघाले. शेठ आले, ढीग बघितला नि म्हणाले, "विझलं ना? मग चला, कामाला लागा." बस्स. एक शब्द नाही!

मामांना ते लागलं. त्यात कळलं, की सक्रीबाईचे लेक तिला पुढच्या हंगामाला पाठवणार नव्हते. "आयेचे हात गेले अन् कुनी इचारलंबी न्हाई," असं तांडाभर झालं होतं. म्हणजे जे करायचं ते होळीआधी, जिन बंद व्हायच्या आत. ही बाई अशीच मुकाट निघून गेली तर आपल्या तोंडाला काळं, असं मामांनी ठरवूनच टाकलं.

मग काय, रोज भाकरीच्या सुट्टीत आमचा दरबार! मी म्हटलं, नारळ देऊ. मामा म्हणाले, "नारळ देवाला देतेत, अन् फोडून आपूनच खातेत." कुणी लुगडं म्हटलं. मामांनी मान हलवली. "झाकायला लुगडं लागतं. हिचं काम झाकायचं न्हाई, गावाला दाखवायचं हाय." दवंडी द्यावी तर कचेरीची परवानगी लागणार. शेवटी मामा ताडकन उठले. "भोंगा! सक्रीबाईच्या नावानं भोंगा देतो!" आम्ही टाळ्या पिटल्या. आनंदाच्या भरात एवढ्या बायांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, की अवेळी भोंगा म्हणजे गावाच्या लेखी एकच अर्थ: जिनाला आग!

शेवटच्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, मामांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, चांगली तीनदा. अन् मग जो कल्लोळ उठला! बाजारातून, मळ्यांतून, गल्लीबोळांतून माणसं घागरी, बादल्या, पखाली घेऊन धावत सुटली. शेठ अनवाणी, धोतराचा सोगा हातात धरून. त्यांची म्हातारी आई तांब्याची कळशी कमरेवर घेऊन मागोमाग.

"कुठं हाय आग?" शेठ ओरडले.

मामा क्षणभर पांढरेफटक पडले. मग कापसाच्या गासडीवर चढले. "लागली न्हाई, शेठ! माघात लागली व्हती, ती या बाईनं आपल्या हातानं इझवली. तवा गावाला पळावं लागलं न्हाई. ते तिचे हात आज गावानं बघावेत!"

"पुन्हा जिनात तोंड दाखवू नको!" शेठ मामांवर कडाडले.

एवढ्यात म्हातारी पुढं झाली. तिनं सक्रीबाईचे तळहात उलटे करून बघितले. कळशी वाकडी केली आणि तिचे पाय धुतले. तांड्यावरच्या बाईचे पाय, शेठजींच्या आईनं! मग बाकीचेही सरसावले. आणलेलं पाणी कुणी परत नेलं नाही. सक्रीबाई चिंब उभी, हसतेय आणि रडतेय. तिचे लेक गर्दीत होते. थोरल्यानं सगळ्यांदेखत आईच्या पायावर डोकं ठेवलं.

शेठनं शब्द मात्र मागं घेतला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या मामांना आगगाडीवर पोचवायला गेलो. "काहून रडता गं? सक्रीबाई कशी ताठ चालून राहिली, बघितलं न्हाई का?" गडी खुशीत होता. गाडी हलली आणि माझ्या काळजात चर्र झालं. इतकी वर्षं या माणसानं सगळ्यांची तोंडं गोड केली. त्याला आम्ही एकीनंही कधी एक चांगला शब्द दिला नव्हता. मी पदर खोचला, डब्याबरोबर धावत सुटले आणि स्टेशनावर आलेल्या सासरच्या माणसांदेखत जिवाच्या आकांतानं ओरडले, "शाबास, मामा! शाबास!" मागून सगळ्या जणी ओरडायला लागल्या.

मामा दारात उभे होते. ओठ हलले, पण एवढ्या बोलक्या माणसाला एक शब्द फुटला नाही.