काजळीच्या मेंदूतली गाठ

अणदूरच्या माळावर धुळाप्पानं आयुष्यभर मेंढरं राखली. बसलेल्या मेंढराला सुरी लावायची नाही, हा त्याच्या घरचा नेम. मेंढरू उठेना झालं की धुळाप्पा त्याच्या तोंडाला ओलं फडकं लावायचा आणि जीव जाईस्तोवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचा. शहाऐंशीच्या दुष्काळात त्याला असं फार बसावं लागलं. सोसायटीच्या छावणीत गाईबैलांना वैरण होती, मेंढरांना नव्हती. शेवटी काळ्या डोळ्यांची काजळी तेवढी उरली.

तेव्हा गावातला शांतलिंग आला. तो शहरात जनावरांच्या पेशींवर संशोधन करायचा.

"मामा, मेंदूखाली हरभऱ्याएवढी गाठ असते, पीयूष ग्रंथी. तिच्यातल्या पेशींच्या बुडाशी प्रथिनांचा पातळ पापुद्रा असतो. त्याच्या आधारानंच त्या टिकतात. तो कोणत्या पेशी विणतात, आणि उपाशी जनावरात विणणं चालू राहतं का, ते मला बघायचंय."

"म्हंजी घोंगडीच की. आमी घोंगडीसाठी मेंढरू कातरतो, तू मारतूस व्हय?"

शांतलिंग हसला नाही. "जीव हळूहळू गेला तर पेशी आधीच नासतात, आणि मेल्यावर तर लगेच. काजळी बसली तर माझी वाट बघू नका. तिथंच कापा आणि गाठ काढून या बाटलीतल्या औषधात टाका." गाठ कशी काढायची, हे त्यानं खाटकाकडच्या एका मुंडीवर दाखवलं.

इतकी मेंढरं मातीत गेली, एक तरी कशाच्या कामी येईल, एवढंच धुळाप्पाला पटलं.

चार दिवसांनी काजळी बसली. त्यानं नेम मोडला. सुरी उचलली तेव्हा ती त्याच्या हातावरचा खारट घाम चाटत होती.

गाठ हाती आली, पण बाटलीतलं औषध नाकाला झोंबलं. असल्या जळजळीत पाण्यात ती करपून जाईल, असं त्याला वाटलं. मटण टिकवायला लावतात तसं त्यानं गाठीला मीठ-हळद चोळली, फडक्यात बांधली आणि सावलीत टांगली.

दुसऱ्या दिवशी शांतलिंगनं फडकं सोडलं. गाठ उजेडात धरून पाहिली.

"मामा, मिठानं पेशी आकसून गेल्या. आता यात काही दिसायचं नाही."

"धुऊन बघ की."

"न्हाय जमायचं, मामा."

तो गेल्यावर धुळाप्पाची बायको गजराबाई म्हणाली, "अवं, आज न्हाय तर उद्या ती मरणारच हुती."

"उद्या मेली असती," धुळाप्पा म्हणाला. "माझ्या मांडीवर."