पांढऱ्या पेशी उतरल्या

गुलबर्ग्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मी रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला होते. कामाचा क्रम मीच लावला होता. सकाळी आठला आयसीयूच्या सहा खाटांची रक्तं, मग वॉर्डांची, मग बाहेरून आलेल्यांची. यादी भिंतीला, झालेल्या नावावर काट. एका मंगळवारी चौथ्या खाटेपुढं मला माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं नाव लिहावं लागलं.

ती गावी, दुबलगुंडीला, घरीच बाळंत झाली होती. मुलगी धड होती. पाचव्या दिवशी हिला थंडी वाजून ताप भरला. आठव्या दिवशी ती माणसं ओळखेना, तेव्हा भावानं जीप करून आणली. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात पसरलेत. कोणते, ते कळायला तीन-चार दिवस लागत. तोवर औषध लागू पडतंय की नाही हे ठरवायला त्यांच्याकडं ताप, नाडी, लघवी आणि माझी रोजची पेशींची मोजणी, एवढंच होतं. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत असतात. जंतू शिरले की त्या वाढतात. तिच्या पहिल्या दिवशी चोवीस हजार निघाल्या, दुसऱ्या दिवशी सत्तावीस.

भाऊ आणि माय व्हरांड्यात चटई टाकून होते. तान्ही मुलगी गावात शेजारणीच्या दुधावर होती, तिच्या काळजीनं माय रोज एकदा तरी रडायची. भाऊ रोज विचारायचा, "अक्का, रगत काय म्हणायलंय?" नातेवाइकांना रिपोर्ट सांगायचा नाही असा आमच्या खोलीचा नियम होता. आकडा न सांगता मी "वाढलंय" एवढंच म्हणायची आणि नियम पाळला असं समजायची. दोन दिवसांत वाढणं वाईट, एवढं भावानं पक्कं धरलं.

गुरुवारी मायक्रोस्कोपखाली मोजणीच्या काचेवरच्या चौकटी जवळजवळ रिकाम्या दिसल्या. अठ्ठावीसशे. रक्त पातळ करताना चुकलं असेल म्हणून दुसऱ्या पिपेटनं परत ओढलं, परत मोजलं. सव्वीसशे. त्यातल्या निम्म्या कोवळ्या, पुऱ्या न घडलेल्या. म्हणजे हाडातला साठा संपत आला होता आणि शरीर हाताला लागेल ते पुढं ढकलत होतं. तिला ताप नव्हता, पण हातपाय गार होते.

चिठ्ठी घेऊन निघाले तर दाराशी भाऊ.

"आजबी वाढलंय का?"

"न्हाई. उतरलंय," मी चालता चालता म्हणाले.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, दोनदा मोजलं का विचारलं, औषध बदललं आणि बाहेर जाऊन भावाला रक्त द्यायला माणसं बोलवायला सांगितलं. मी माझ्या यादीकडं परतले. वॉर्डांची चाळीस रक्तं होती.

एकच्या सुमारास भाऊ खोलीत आला. दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला होता. उतार पडला म्हणून मायनं व्हरांड्यातल्या बायकांना साखर वाटली होती. गावाकडून आलेले दोघं, ज्यांचं रक्त घ्यायचं होतं, त्यांना त्यानं परत लावून दिलं होतं. चार वाजता जीप येणार होती. डॉक्टरांनी नेऊ नका म्हटलं होतं, पण दवाखाना तसं म्हणणारच, असं त्याचं मत. त्यानं माझ्यापुढं कागद ठेवला. आपल्या जबाबदारीवर रोग्याला घरी नेतो, असा कन्नड छापील फॉर्म. तो मराठी शाळेत शिकलेला. कन्नड बोलायचा फडाफड, लिहिता येत नव्हतं.

"तूच भर अक्का. सही मी करतो. पोरगी दूध दूध करायली गावात."

मी पेन घेतलं. रोग्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका हुमनाबाद लिहिलं. पुढच्या ओळीत नेण्याचं कारण लिहायचं होतं. तिथं हात थांबला. खरं सांगावं तर नियम मोडतो, आणि सकाळी मीच घातलेला घोळ मलाच कबूल करावा लागतो. न सांगावं तर चार वाजता ती जीपमध्ये. खोलीला दार एकच, आणि त्याच्या वाटेत तो उभा.

"उतार न्हाई पडला," मी म्हणाले.

"सकाळी तूच म्हणलीस."

"ताप उतरतो तसं न्हाई रे. उन्हाळ्यात हिरीचं पाणी उतरतं, तसं उतरलंय."

विहीर त्याला कळत होती. तो स्टुलावर बसला. त्यानं विचारलं, "तळ दिसायलाय?"

"व्हय."

जीप त्यानं रद्द केली. परतलेल्या माणसांना गाठायला स्टँडवर पळाला, ती बसमध्ये बसली होती, त्यांना उतरवून आणलं. दोघांपैकी एकाचं जुळलं, एक बाटली रक्त मिळालं. मायला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मग सकाळीच कामून सांगितलं न्हाईस?"

शनिवारी सकाळी सव्वाआठला ती गेली. तिचं रक्त त्याआधीच काढून माझ्या टेबलावर आलं होतं. यादीत नाव होतं म्हणून मी ते मोजलं. अकराशे. रजिस्टरात लिहिलं. चिठ्ठीही लिहिली, आणि मग ती कुणाकडं न्यायची ते कळेना.

बाहेर गेले तर भाऊ भिंतीकडं तोंड करून बसला होता. मायनं माझा हात धरून बसवलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तू खरं सांगितलंस, बाई. पर गुरवारी नेली असती तर तिनं लेकरू तर बघितलं असतं."

गुरुवारी ती शुद्धीवर नव्हती, हे मला माहीत होतं. हात सोडवून मी उठले. नऊ वाजत आले होते, आणि वॉर्डांची रक्तं यायला लागली होती.