सुशीलाबाईंची घासलेली भांडी

सुशीलाबाईंना राग आला की त्या घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. इस्रायलमधल्या किर्यात गात गावात आईच्या घरी गेले आणि ओट्यावर पातेली लखलखताना दिसली की मी ओळखायची, आज कुणीतरी आईला काहीतरी बोललंय. तो कुणीतरी बहुतेक वेळा माझा थोरला भाऊच असायचा.

“अगं, त्या तव्याला भोक पाडशील!” आई पलंगावरून ओरडायची.

“तव्याला पडलं तर चालेल, आई. माणसाच्या काळजाला नको.”

सुशीलाबाई नगरकडच्या ख्रिस्ती. आम्ही महाराष्ट्रातून इथे आलेले ज्यू; आईला मराठी बोलणारं माणूस हवं होतं, म्हणून तिच्या सेवेला त्यांना ठेवलं. रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्यापूर्वी त्या डोळे मिटून म्हणायच्या, “प्रभू, आज माझ्या तोंडाला कडी लाव.” मी एकदा हसले. तुम्हाला कशाला हवी कडी, म्हटलं.

“तरुणपणी माझी जीभ कोयता होती, ताई. सख्ख्या बहिणीला नाही नाही ते बोलले आणि माफी मागायच्या आत ती गेली. जिभेला हाड नसतं. तिला धरायला देवच लागतो.”

भाऊ दर शुक्रवारी यायचा. आईचं अंथरूण ओलं दिसलं की हिब्रूत तोंड सोडायचा. तिला हिब्रू कळत नाही, अशी त्याची सोयीची समजूत. तीस वर्षं इथल्या कारखान्यात राबलेल्या बाईला हिब्रू कळत नाही! ती उत्तर मराठीत द्यायची, एवढंच. आजही आठवलं की माझ्या अंगाची लाही लाही होते.

एका शुक्रवारी तो म्हणाला, “मरतही नाही एकदाची.”

मी काकडी चिरत होते. चिरतच राहिले. सुशीलाबाई मात्र घासणी टाकून ओल्या हातांनीच बाहेर आल्या. “साहेब, तुम्ही गेलात की आई मला विचारतात, ‘मला मरायला उशीर झाला काय गं?’ काय सांगू त्यांना?”

भाऊ लालबुंद झाला. “तुझे व्हिसाचे कागद माझ्या सहीवर आहेत. तोंड सांभाळ.”

“तेच सांभाळतेय. दोन वर्षं शिव्या गिळल्या, आजही एक देत नाही. पण ही कडी माझ्या शिव्यांना आहे. तुमचं पाप झाकायला नाही.”

पुढच्याच आठवड्यात त्याने त्यांना काढलं. नव्या बाईला मराठी येत नव्हतं. आई बोलेनाशी झाली आणि दोन महिन्यांत गेली.

आमच्या रीतीप्रमाणे सुतकाचे सात दिवस आम्ही घरी बसलो; लोक येऊन भावाचा हात हातात घेत होते. आईचं किती केलंस रे, म्हणत होते. तोही मान हलवत होता. त्या दिवसांत काम करायचं नसतं, तरी मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ पातेली पुन्हा घासायला लागले. बोटं सोलून निघाली. सुशीलाबाई असत्या तर घासणी टाकून बाहेर गेल्या असत्या आणि बोलल्या असत्या.

मी नळ बंद केला, हात पुसले आणि पुन्हा भावाशेजारी जाऊन बसले.