लिहून देणार हयात आहेत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही आमच्या पावण्यारावळ्यांतले नाही, म्हणून असेल.

आमचे वडील, आण्णा, आई गेल्यावर माझ्याकडे बीडला राहायचे. गुडघे गेलेले. रजिस्ट्री कचेरीचा जिना एकदाच कसाबसा चढले आणि चौसाळ्याच्या जमिनीचं कुलमुखत्यारपत्र माझ्या नावानं करून दिलं — म्हणजे त्यांच्या वतीनं सही मी करायची, विकायची झाली तरी. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इकायची तर इक. पण शांतीला इचारल्याबिगर न्हाई." शांता माझी धाकटी बहीण, केजला दिलेली. ही अट कागदात नव्हती. नुसती बोललेली — आणि ऐकणारा मी एकटा.

मी तिला विचारलं नाही. गिऱ्हाईक ठरवलं, दिवस ठरवला. ती नाही म्हणाली असती का? छे, कदाचित हसत हो म्हणाली असती! पण विचारायचं म्हणजे तीही मालकीण आहे हे कबूल करायचं. तेवढंच माझ्याच्यानं होईना.

खरेदीखताच्या दिवशी सकाळी सातला चहा घेऊन आण्णांच्या खोलीत गेलो. हाक मारली. पुन्हा मारली. आण्णा गेले होते — कधी, देव जाणे. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, घरात मी एकटा.

इथंच थांबावंसं वाटतंय. पण आता थांबून काय उपयोग?

मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबरच संपतं, हे मला ठाऊक होतं. आता वारस म्हणून शांताचं नाव माझ्या नावाशेजारी लागणार, हेही. रडलो का? रडलो. रडून झाल्यावर शर्टाला इस्त्री केली. आण्णांच्या खोलीतला पंखा चालू ठेवला, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि गेलो.

कचेरीत एक घोषणापत्र द्यावं लागतं — मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणार हयात आहेत. लिहून देणार म्हणजे आण्णा. मजकूर तयारच असतो, खाली फक्त सही करायची. केली. सहीखाली तारीखही नीट घातली, हे अजून खुपतं.

दुपारी चारला सगळ्यांना फोन केले. आत्ताच गेले, म्हणालो. शेजारचे काका आंघोळ घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "आंग लई आकडलंय रं." मी तांब्या भरून पुढं केला. त्यांनी तो घेतला. दिवेलागणीला शांता आली, आण्णांच्या पायांशी बसली. "दादा, जाताना पाणी तरी घातलंस का रं तोंडात?"

घातलं, म्हणालो.

जमिनीचं तिला दिवस झाल्यावर सांगितलं — आण्णांनीच विकायला लावली म्हणून. "आण्णांनी इकली म्हंजी बरूबरच आसंल," एवढंच बोलली.

आण्णा गेले त्या दिवशी सकाळी षष्ठी होती, दुपारी सप्तमी लागली. शांता दरवर्षी सप्तमीला केजहून एसटीनं येते, खीर-वडे करते, गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघते. कावळा शिवत नाही. आण्णा रुसलेत म्हणते. मी शेजारी उभा असतो. तिला खरी तिथी कशी सांगू? तिथी सांगायची तर सगळंच सांगावं लागतं.

आता तिचेही गुडघे गेलेत. नवऱ्यामागं तिच्या नावावर थोडी जमीन आली आहे, आणि गेल्या महिन्यात तिनं हट्ट धरला — मुखत्यारपत्र दादालाच द्यायचं. मी नको नको म्हणालो. "कावून नको म्हणतोस? तू न्हाई तर कोन हाय मला?" शेवटी तिला रजिस्ट्री कचेरीत घेऊन गेलो.

कचेरीतल्या बाई कागद वाचून दाखवायला लागल्या, तर शांतानं हातानंच थांबवलं. "माजा दादा हाय. वाचायचं काय त्यात?" तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मीही सही केली.