कोपऱ्यातलं पॅराशूट

सोसायटीत रंगकाम निघालं की टर्पेंटाइनच्या वासाने मला मुलुंडचा तो हॉल आठवतो. माझे बाबा गोरेगावच्या स्टुडिओत सेटमागचे पडदे रंगवायचे. ते काम बंद पडल्यावर लढाऊ विमानांची चित्रं काढू लागले. घरातली पहिली बी.ए. मी, पण कलावंत तेच. एका निवृत्त वैमानिकाने युद्धात गेलेल्या मित्राचं शेवटचं उड्डाण त्यांच्याकडून रंगवून घेतलं होतं: पेटलेलं विमान, खाली डोंगर. त्या हॉलमधल्या प्रदर्शनाच्या सकाळी त्या मित्राची पत्नी सगळ्यांच्या आधी आली. नवऱ्याचा देह कधी सापडलाच नव्हता. चित्राच्या कोपऱ्यात बोटाएवढं पांढरं पॅराशूट बघून त्या म्हणाल्या, “म्हणजे हे बाहेर पडले होते?” वैमानिक भडकला. “कसलं पॅराशूट? मी डोळ्यांनी बघितलंय वहिनी, तो आतच जळाला. ए पेंटर, हे कुठून आणलंस?” बाबा पुटपुटले, “साहेब, कोपरा रिकामा दिसत होता.” पडद्यावर नुसतं आभाळ सोडायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. “पुस आत्ताच. पाहुणे येतायत.” मी म्हटलं, “त्या गेल्यावर करू ना.” तर वैमानिक म्हणाला, “तुला युद्धातलं काय कळतं गं?” आज मी कॉलेजात युद्धांचाच इतिहास शिकवते, आणि सरळ सांगते, तो माणूस खरा होता आणि दुष्टही होता. बाबांनी निळा रंग कालवला. ब्रश पॅराशूटला टेकला तेव्हा बाई म्हणाल्या, “जरा सावकाश पुसा हो.”