डब्यात सहा नोझलं

ठाणं मला पहिल्यांदा दिसलं ते धुरातून, आणि तो धूर आमच्याच ट्रकचा होता. जुन्नरजवळ माझी रोपवाटिका आहे. कोलशेतच्या एका नव्या सोसायटीला चाफा, अनंत, सोनटक्का हवा होता. रोपं पोचवायला ह्यांचा ट्रक निघाला, तशी मीही वर चढून बसले. म्हटलं, माझी रोपं गावोगाव फिरतात आणि मी काय नुसतं पाणी घालत बसायचं?

माळशेज उतरेपर्यंत सगळं छान. मुरबाडच्या पुढे ट्रक आचके द्यायला लागला. कल्याणात मागे काळा धूर, धुरामागे रिक्षावाल्यांच्या शिव्या. कसंबसं कोलशेत गाठलं, रोपं उतरवली, आणि निघताना किल्ली फिरवली तर ट्रक थरथरला, पांढरा धूर ओकला आणि गप्प झाला.

"इंजिन गेलं," हे म्हणाले. "आता भंगारातच." आणि या माणसाने खरंच तिथल्या तिथे नारायणगावच्या भंगारवाल्याला फोन लावला! दुसरा ट्रक घेण्याची आमची ऐपत नाही, आणि ट्रक नाही तर माझी रोपं वाफ्यातच वाळणार.

सोसायटीच्या वॉचमनने जवळचा मेकॅनिक बोलावला. बऱ्याच खटपटीने त्याने इंजिन सुरू केलं आणि एकेक डिझेलची नळी सैल करून आवाज ऐकायला लागला.

"ही सैल केली की आवाज पडतो, म्हणजे इथे काम चालू आहे. ह्या दोन सैल केल्या तरी काय फरकच नाय. नोझल गेलेत, काकी."

नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी.

"म्हणजे इंजिन वाचलं?"

"ते नवीन टाकल्यावरच कळेल. डोंबिवलीला टेस्टिंगचं दुकान आहे, तिथे सगळी दाखवा."

हे ट्रक सोडून हलायला तयार नाहीत. पायरीवर बसले होते, एवढंसं तोंड करून. शेवटी मीच दशम्यांचा डबा रिकामा केला, पुसला, मेकॅनिकने काढून दिलेली सहाही नोझलं फडक्यात गुंडाळून आत ठेवली आणि रिक्षा केली.

माणकोलीवरून आम्ही खाडीच्या नव्या पुलावर आलो. खाली उल्हासचं संथ पाणी, काठाने तिवरं (खारफुटीची झाडं), आणि वारा असा की पदर आवरेना. रिक्षावाला पलीकडच्या काठावरच्या गावातला. "आमचे गावान अजून निवट्या मिलतान," असं कौतुकाने सांगत होता. (निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे.) मग आरशातून बघत म्हणाला, "डब्यान काय हाय, मावशे?"

मी सांगितलं.

"अरे बापरे! माझे भावाचे टेम्पोला पन तेच झाला. त्यानी वेलेवर बदलला नाय, मंग पिस्टनला भोकच परला."

त्यानंतर मला खाडी दिसलीच नाही. डबा तेवढा घट्ट धरून बसले.

दुकानातले काका चष्मा कपाळावर चढवून बसलेले. त्यांनी एक नोझल यंत्राला लावलं आणि दांडा दाबला. टप. टप. टप.

"हे पाहा, झिजलंय. डिझेल फवारलं न जाता गळतं. सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल?"

"देते की! हे म्हणतात, थंडी आहे."

"मे महिन्यात?"

मला हसू फुटलं. मग त्यांनी नवं नोझल लावलं. दांडा दाबला आणि फस्सकन धुकं उडालं!

"अगं बाई! हे तर माझ्या फवारणीच्या पंपासारखं!"

"तसंच. फक्त जोर भयंकर असतो, बोट पुढे आणू नका."

आता मला सगळं उमगलं. पंपाचं नोझल झिजलं की फवारा जातो, धार पडते आणि कोवळं रोप बुडून मरतं. म्हणून मी ते दर हंगामाला बदलते, पाणीसुद्धा गाळून भरते. आणि ह्यांचं? ट्रकला दर शनिवारी नवी लिंबू-मिरची, पण डिझेल उघड्या पिंपातलं आणि नोझलं ट्रक घेतल्यापासूनची तीच! "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?"

काकांच्या सल्ल्याने सहाही नवी घेतली. समोर वडापाव खाल्ला. चटणी गोड निघाली, पण त्या दिवशी मी भांडले नाही.

कोलशेतला परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. मेकॅनिकने नोझलं बसवली. हे किल्लीला हात लावेनात. "तूच फिरव," म्हणाले. मी डोळे मिटून फिरवली. ट्रक एकदा खोकला, धुराचा एक भपका सोडला, आणि मग असा काही सुरेख चालायला लागला की मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मेकॅनिक म्हणाला, "काकी, हॉर्न वाजतोय."

मुक्काम कोपरला मावसबहिणीकडे केला आणि सकाळी निघालो. पण खरी परीक्षा माळशेजचा चढ. वळणावळणावर हे आरशात बघत होते, मीही माझ्या बाजूच्या आरशात. मागे धूर नव्हता. उन्हाने करपलेले डोंगर होते, आणि ते जाताना होते तसेच स्वच्छ दिसत होते. बोगदा ओलांडला तशी ह्यांच्या फोनला रेंज आली आणि लगेच तो वाजला. नारायणगावचा भंगारवाला.

"तू बोल," हे म्हणाले. नजर रस्त्यावर, पण कान माझ्याकडे. मी हॅलो म्हटलं.

"वहिनी, गाडी न्यायला कधी येऊ?"

मी फोन खाली नेला आणि आमच्या दोघांच्या मधल्या, एका लयीत घुमणाऱ्या इंजिनाच्या तापलेल्या झाकणाजवळ बराच वेळ धरून ठेवला.